बंदिवान लावा व त्याचे उड्डाण : ऐतिहासिक साधनांच्या आधारे एक विचार

१

पिंजऱ्यात कोंडलेल्या पक्ष्याला आकाशाची ओढ लागते, हा समज सर्व वाङ्मयांत इतका रूढ आहे की त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. पोपट, मैना, बुलबुल यांच्याविषयी लोकमत ठरून गेलेले आहे. लाव्याच्या बाबतीत मात्र लोकमत नेमके उलट दिसते. लावा हा मुळात उडणारा पक्षीच नव्हे. तो गवतातून पळतो, जमिनीवर उकरतो, जमिनीवरच अंडी घालतो आणि अगदी पायाखाली येण्याची वेळ आल्यावाचून पंख उघडत नाही. अशा पक्ष्याला पिंजऱ्यात ठेवले, तर त्याचे गमावले ते काय, असा हा युक्तिवाद आहे. लावे पाळणाऱ्यांनी तो अनेक शतके मनाशी धरलेला आहे. आज लाव्याचे पालन हा एक मोठा व्यवसाय झालेला असल्यामुळे या युक्तिवादाला पूर्वी नव्हते असे व्यावहारिक महत्त्वही प्राप्त झाले आहे.

हा युक्तिवाद कितपत खरा आहे, याचा शोध ऐतिहासिक साधनांच्या आधारे घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्राण्याच्या मनात काय चालते हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा आहे, अशी शंका येथे घेता येईल. ती एका अर्थी योग्यच आहे. पक्ष्याने स्वतःची साक्ष कोठेही लिहून ठेवलेली नाही. जी साधने आहेत ती सर्व त्याला पकडणाऱ्यांची, झुंजविणाऱ्यांची वा खाणाऱ्यांची आहेत. परंतु इतिहासात असा प्रसंग नवा नाही. ज्यांनी स्वतः काही लिहिले नाही अशा माणसांचा इतिहासही त्यांच्यावर सत्ता चालविणाऱ्यांच्या दप्तरांतूनच काढावा लागतो, आणि तेथे धन्याच्या अभिप्रायापेक्षा धन्याने केलेली व्यवस्था अधिक बोलकी ठरते. तुरुंगाच्या भिंतीची उंची ही कैद्याच्या इच्छेची एक मोजणीच असते. लाव्यालाही हीच कसोटी लावता येईल. त्याच्या धन्यांनी त्याच्याविषयी काय म्हटले, यापेक्षा त्याला ठेवून घेण्यासाठी त्यांना काय करावे लागले, याकडे अधिक लक्ष दिले पाहिजे.

प्रारंभी नावांचा एक घोटाळा दूर करणे अवश्य आहे. ‘लावा’ हा शब्द मराठीत सैलपणे वापरला जातो व त्यात किमान दोन निरनिराळ्या सवयींचे पक्षी येतात. एक, दख्खनच्या माळरानांत व झुडपांत बारमाही राहणारे लहान लावे. हे स्थलांतर करीत नाहीत. दुसरा, उत्तर भारतात ज्याला बटेर म्हणतात तो पक्षी; त्याचे थवे हिवाळ्याच्या तोंडाशी उत्तरेकडून येतात व वसंतात परत जातात. युरोपातील लावा हा याच दुसऱ्या जातीचा असून तो भूमध्य समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातो. जपानी लावा त्याचा अगदी निकटचा आप्त होय. पुढील विवेचनात मुख्यतः या स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याचा विचार आहे; स्थानिक लाव्याचा उल्लेख जेथे येईल तेथे तसे सांगितले आहे.

२

भारतीय वाङ्मयात या पक्ष्याचा पहिला उल्लेख त्याच्या सुटकेचा आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. ऋग्वेदातील अश्विनीकुमारांच्या सूक्तांत त्यांच्या अद्भुत उपकारांची जी यादी पुनःपुन्हा येते, तीत वृकाच्या जबड्यातून वर्तिकेला सोडविल्याचा प्रसंग आहे. यास्काने निरुक्तात वर्तिका म्हणजे उषा असा अर्थ सुचविला. सायणाने मात्र ती चिमणीसारख्या पक्ष्याची मादी असे मानले. ‘वर्तिका’ व ग्रीक भाषेतील ‘ऑर्टिक्स’ हे लाव्याचे नाव यांचे साम्य एकोणिसाव्या शतकातील भाषापंडितांच्या ध्यानात आले होते. ‘वृत्’ म्हणजे फिरणे, परतणे या धातूशी या शब्दाचा संबंध जोडला जातो, आणि दर वर्षी ठराविक ऋतूत परतणाऱ्या पक्ष्याला हे नाव शोभतेही; तथापि अशा व्युत्पत्तीवर फार मोठा भार टाकू नये.

आयुर्वेदाची दृष्टी याहून निराळी, पण निरीक्षणाच्या बाबतीत अधिक काटेकोर आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानविधीच्या अध्यायात पक्ष्यांचे जे वर्ग केले आहेत, त्यांत लाव, वर्तीरक, तित्तिर इत्यादींचा समावेश ‘विष्किर’ वर्गात होतो. विष्किर म्हणजे पायांनी विखरून, उकरून खाणारे. येथे वर्गीकरणाचा आधार पंख नसून पाय व चोच आहे. लावा हा जमिनीचा पक्षी होय, हे पाळणाऱ्यांचे म्हणणे इतके प्राचीन आहे व तेवढ्यापुरते ते निर्विवाद आहे.

परंतु बंदिवासाचा प्रश्न सरळ उपस्थित करणारे साधन पाली वाङ्मयात आहे. जातकसंग्रहातील वट्टक नावाच्या कथांपैकी पस्तिसाव्या जातकातील कथा विशेष प्रसिद्ध आहे. तीत पंख असून उडता न येणारे, पाय असून चालता न येणारे पिलू वणव्यासमोर सत्यक्रिया करते. एकशेअठरावे जातक तितके परिचित नाही, पण प्रस्तुत विषयाला तेच अधिक जवळचे आहे. त्यात एक पारधी रानातून लावे पकडून आणतो, त्यांना घरी चारून पुष्ट करतो व मग गिऱ्हाइकांना विकतो. त्यांतील एक लावा, म्हणजे बोधिसत्त्व, अन्न घेण्याचे सोडून देतो. जो खाईल तो विकला जाईल व जो विकला जाईल तो मरेल, असा त्याचा विचार असतो. तो इतका रोडावतो की त्याला कोणी विकत घेईना. शेवटी याला झाले तरी काय हे पाहण्यासाठी पारधी त्याला पिंजऱ्याबाहेर काढून तळहातावर घेतो, आणि त्याचे लक्ष क्षणभर ढळताच पक्षी उडून जातो.

ही कथा उपदेशपर आहे हे उघड आहे. पक्ष्याच्या मनाचा पुरावा म्हणून तिचा उपयोग नाही. परंतु तिच्या रचनेत त्या काळच्या व्यवहाराची अचूक माहिती सामावलेली आहे. लावे रानातून धरून आणले जात, पिंजऱ्यात त्यांची वीण होत नसे. त्यांना चारून वजन वाढविणे हा धंद्याचा भाग होता. आणि नव्याने धरलेला पक्षी कित्येकदा अन्न टाकतो ही गोष्ट कथाकाराला व त्याच्या श्रोत्यांना ठाऊक होती. श्रोत्यांना जे अशक्य वाटले असते, त्यावर कथेचा कणा उभा राहिला नसता.

३

उड्डाण लाव्याला सुखाचे असते काय, या प्रश्नाला दिलेले सर्वांत जुने स्पष्ट उत्तर बहुधा अॅरिस्टॉटलचे असावे, आणि ते नकारार्थी आहे. इ. स. पूर्व चौथ्या शतकातील आपल्या प्राणिविषयक ग्रंथात त्याने म्हटले आहे की लाव्याचे शरीर जड असून तो चांगला उडणारा नाही. उत्तरेचा वारा असला म्हणजे त्याचे बरे चालते, पण दमट व जड अशा दक्षिणेच्या वाऱ्यात त्याला फार कष्ट पडतात. आणि या कष्टामुळेच तो उडताना ओरडतो. समुद्र ओलांडून आलेले लावे किनाऱ्यावर इतके थकून उतरतात की ते हातांनीही धरता येतात, हा अनुभव भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांना प्राचीन काळापासून होता. सिनाईच्या रानात इस्राएल लोकांच्या छावणीवर लावे येऊन पडल्याची बायबलातील कथा याच अनुभवावर उभी आहे.

अॅरिस्टॉटलचे निरीक्षण महत्त्वाचे आहे, कारण ‘उड्डाणाचा आनंद’ ही जी कल्पना माणसाने पक्ष्यांवर लादली आहे, तिला ते प्रारंभीच छेद देते. लाव्याच्या लेखी उड्डाण हा विलास नसून परिश्रम आहे. मात्र याच निरीक्षणाची दुसरी बाजू पाहिली जात नाही. ज्या कामात इतके कष्ट आहेत, ते काम हा पक्षी दर वर्षी दोन वेळा न चुकता करतो. कष्ट असूनही जे टाळले जात नाही, त्याच्यामागील प्रेरणा दुर्बळ असू शकत नाही.

अथेन्समध्ये लावे पाळण्याचा छंद सर्रास होता. एका खेळात फळीवर वर्तुळ काढून त्यात लावा उभा करीत; प्रतिस्पर्धी त्याच्या डोक्यावर बोटाने टिचकी मारी किंवा पिसे उपटी. पक्षी तसाच उभा राहिला तर धनी जिंकला, मागे हटून वर्तुळाबाहेर गेला तर हरला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील कोशकार पोलक्स याने या खेळाची माहिती दिली असून, हरलेल्या पक्ष्याला जिंकणाऱ्याच्या आवाजाचा विसर पडावा म्हणून त्याच्या कानात ओरडण्याची चाल होती असेही तो नोंदतो. या खेळात जी परीक्षा घेतली जाई, ती शौर्याची असल्याचे मानत. वस्तुतः ती पळून न जाण्याची होती. भय वाटत असताही पंख न उघडणे, हाच त्या पक्ष्याचा गुण ठरला होता.

हा गुण किती वरवरचा होता, याची साक्ष प्लुटार्कने दिलेल्या एका सुप्रसिद्ध प्रसंगात मिळते. तरुण अल्किबियादीस पहिल्यांदा सार्वजनिक कार्यात उतरला, त्या वेळी राज्याला देणगी दिल्याबद्दल लोकांनी त्याचा जयजयकार केला. त्या आनंदात आपल्या झग्याखाली लावा आहे याचे त्याला भान राहिले नाही, आणि पक्षी घाबरून निसटला. अथेन्सचे नागरिक ओरडत त्याच्या मागे धावले. अखेर अंतिओखोस नावाच्या एका सुकाणूवाल्याने तो धरून आणून दिला, व तेव्हापासून तो अल्किबियादीसचा जिवलग झाला. पुढे इ. स. पूर्व ४०६ मध्ये याच अंतिओखोसने आज्ञा मोडून नोतिओनपाशी आरमारी लढाई अंगावर घेतली व तीत झालेल्या पराभवामुळे अल्किबियादीसचे सेनापतिपद गेले. इतिहासकारांना या प्रसंगात पुढील अनर्थाचे बीज दिसते. प्रस्तुत संदर्भात एवढेच पाहावयाचे की सतत हाताळलेला, माणसाच्या अंगाखाली वावरलेला पक्षीही गलबला होताच उडाला.

४

दख्खनमध्ये या छंदाला राजमान्यता असल्याचा भक्कम पुरावा बाराव्या शतकातील आहे. कामसूत्रातील चौसष्ट कलांत मेष, कुक्कुट व लावक यांच्या झुंजींचा समावेश आहेच. परंतु कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या सुमारास, म्हणजे इ. स. ११२९–३० मध्ये, रचलेल्या मानसोल्लास ऊर्फ अभिलषितार्थचिंतामणी या ग्रंथात राजाच्या विनोदांचे जे प्रकरण आहे, त्यात लावकविनोद हा स्वतंत्र विषय आहे. हत्ती, घोडे, मल्ल, कोंबडे, मेंढे, रेडे, कबुतरे, कुत्रे, ससाणे यांच्या पंक्तीत हा मूठभर पक्षी बसलेला आहे. या ग्रंथाची गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतील आवृत्ती गजानन कुशाबा श्रीगोंदेकर यांनी संपादिली असून तिचे तीन भाग १९२५, १९३९ व १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. लावक या नावाने दख्खनमध्ये बारमाही राहणारा स्थानिक लावाच अभिप्रेत असणे अधिक संभवनीय आहे. हा पक्षी अतिशय भांडखोर असून झुंजींसाठी तो एकोणिसाव्या शतकापर्यंत दक्षिणेत पाळला जात होता.

बटेर झुंजविण्याच्या तंत्राचे सर्वांत तपशीलवार वर्णन मात्र लखनौचे आहे. अब्दुल हलीम शरर (१८६०–१९२६) यांनी जुन्या लखनौवर लिहिलेल्या लेखमालेत बटेरबाजीला स्वतंत्र स्थान दिले आहे. नबाब नसीरुद्दीन हैदर (राज्यकाल १८२७–३७) हा मेजावर बटेरांच्या झुंजी लावून पाहत असे. शरर यांच्या वर्णनानुसार पक्षी तयार करण्याच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. प्रथम त्याला पाण्याने भिजवून तासन् तास मुठीत धरून ठेवीत, म्हणजे त्याचा रानटीपणा जाई. नंतर उपाशी ठेवीत. मग साखर घालून पोट साफ करीत. त्यानंतर रात्रीच्या वेळी त्याच्या कानाशी मोठ्याने ओरडत. याला ‘कूकना’ म्हणत. या सर्वांनी त्याची चरबी झडून अंग चपळ होते व तो झुंजीला योग्य होतो, अशी उस्तादांची समजूत होती.

अथेन्स व लखनौ यांच्यात दोन सहस्रकांचे व हजारो मैलांचे अंतर असताना दोन्हीकडे कानात ओरडण्याची रीत आढळावी, ही कुतूहलाची गोष्ट आहे. परंतु येथे महत्त्व आहे ते पहिल्या पायरीला. पिसे भिजली म्हणजे पक्ष्याला उडता येत नाही. मुठीत धरले म्हणजे पंख उघडता येत नाहीत. झुंज शिकविण्यापूर्वी उड्डाण विसरविणे हा या शास्त्राचा पहिला धडा होता. लावा मुळात उडत नाही, असे जर उस्तादांना खरोखरीच वाटत असते, तर या पायरीचे प्रयोजनच उरले नसते.

पारध्यांची रीत याहून साधी, पण एका दृष्टीने अधिक विचार करावयास लावणारी आहे. महाराष्ट्रातील फासेपारधी तितर व लावे फास्यांनी धरीत. उत्तरेत बटेरांच्या हंगामात पाळलेल्या ‘बोलक्या’ बटेरांचे पिंजरे शेतात उंच काठ्यांवर टांगीत. रात्री प्रवास करणारे थवे या बोलांनी खाली ओढले जात व पहाटे पिकात उतरत. दिवस उजाडल्यावर त्यांना हळूहळू जाळ्याकडे हाकीत. भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांतही अशी साद घालणारे पक्षी वापरण्याची प्रथा होती. म्हणजे ज्याचा प्रवास खुंटला आहे अशाच्या आवाजाने दुसऱ्यांचा प्रवास थांबविला जाई. पारध्याला हेही माहीत होते की पिंजऱ्यातला पक्षी बोलतो तो विशिष्ट ऋतूत व विशिष्ट प्रहरी. बंदिवासात त्याचे ऋतूचे घड्याळ बंद पडलेले नसते, हे ज्ञान ग्रंथांत येण्यापूर्वी कितीतरी शतके धंद्यात वापरले जात होते.

५

ते ग्रंथात आले अठराव्या शतकात. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ याच्या पक्ष्यांवरील ग्रंथाचा दुसरा खंड १७७१ मध्ये निघाला. त्यातील लाव्यावरच्या प्रकरणात एक निरीक्षण नमूद आहे, आणि प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने सर्व ऐतिहासिक साधनांत त्याचे मोल सर्वाधिक आहे. जवळजवळ जन्मापासून पिंजऱ्यात वाढविलेले काही लावे चार वर्षे पाहण्यात आले. या पक्ष्यांना दर वर्षी दोन वेळा, एप्रिलमध्ये व सप्टेंबरमध्ये, म्हणजे त्यांचे मुक्त आप्त ज्या वेळी प्रवासाला निघतात नेमक्या त्याच वेळी, विलक्षण अस्वस्थता येई. ती प्रत्येक खेपेस सुमारे ३० दिवस टिके. रोज सूर्यास्तापूर्वी तासभर तिचा प्रारंभ होई. पक्षी पिंजऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझारा घालीत. मग वरच्या बाजूस झाकण म्हणून लावलेल्या जाळीवर झेप घेत, आणि ती कित्येकदा इतक्या जोराने की ते बधिर होऊन खाली पडत. जवळजवळ सारी रात्र अशी जाई व दुसऱ्या दिवशी ते खिन्न, थकलेले व झोपाळलेले दिसत.

ब्युफाँने यावर केलेला विचारही सूक्ष्म आहे. या पक्ष्यांनी स्वातंत्र्य कधी अनुभवलेलेच नव्हते. तेव्हा त्यांना त्याची ओळख नव्हती व त्याची खंत वाटणेही शक्य नव्हते. म्हणून ही अस्वस्थता अनुभवातून आलेली नसून जन्मजात प्रेरणेची आहे, असे त्याने ठरविले. याच स्थितीचा पुढे जर्मन अभ्यासकांनी विस्ताराने अभ्यास केला व तिला स्थलांतरकालीन अस्वस्थता या अर्थाचे नाव दिले. ही प्रेरणा आनुवंशिक आहे, हे विसाव्या शतकात प्रयोगांनी निश्चित झाले. पेटर बेर्टहोल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये एका युरोपीय गाणाऱ्या पक्ष्याच्या स्थलांतर करणाऱ्या व न करणाऱ्या वंशांचा संकर करून दाखविले की संततीत ही अस्वस्थता मधल्या प्रमाणात उतरते.

येथे ‘उणीव’ या शब्दाचा अर्थच नव्याने ठरवावा लागतो. माणसाच्या बाबतीत उणीव म्हणजे पूर्वी असलेल्या गोष्टीची आठवण. ब्युफाँच्या लाव्यांना अशी आठवण नव्हती. तरीही त्यांच्या शरीराने वर्षातून साठ रात्री अशा एका गोष्टीची मागणी केली की जी त्यांनी कधी केली नव्हती, पाहिली नव्हती व जिच्यासाठी पिंजऱ्यात जागा नव्हती. या स्थितीला खंत म्हणता येणार नाही. पण म्हणून ती काहीच नव्हे असेही म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशीचा थकवा व झोपाळलेपण ही तर निरीक्षकाची कविकल्पना नव्हे, नोंद आहे.

६

यापुढचा अध्याय जपानचा आहे. तेथे लावा मुख्यतः त्याच्या आवाजासाठी पाळला जाई. एदो काळात (१६०३–१८६८) लाव्यांच्या आवाजाच्या स्पर्धा भरत व त्यांत सरदारांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सर्वांना रस असे. लाव्याचा पिंजरा इतका परिचयाचा होता की काबुकी नाट्यगृहातील एका प्रकारच्या बैठकींना, त्या या पिंजऱ्यासारख्या दिसत म्हणून, ‘उझुरा’ म्हणजे लावा असेच नाव पडले. या पिंजऱ्याचे छत लाकडाचे न करता जाळीचे करीत. याचे कारण लाव्याच्या उड्डाणाच्या प्रकारात आहे. तो दचकला म्हणजे तिरपा न उडता सरळ वर उसळतो. छत कठीण असले तर डोके फुटते. ब्युफाँच्या लाव्यांवरही जाळीचेच झाकण होते. पृथ्वीच्या दोन टोकांना, एकमेकांशी संबंध नसता, पिंजरा करणारे एकाच उपायावर आले. तो उपाय म्हणजे पक्षी वर उसळणारच, याची दिलेली कबुलीच होय.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून जपानात लाव्याची अंड्यांसाठी निवडपूर्वक पैदास सुरू झाली आणि पक्ष्याचे स्वरूपच पालटले. दुसऱ्या महायुद्धात हे कळप बहुतांशी नष्ट झाले, आवाजासाठी जोपासलेले वंश गेले ते कायमचे, आणि युद्धानंतर उरलेल्या थोड्या पक्ष्यांपासून नवी पैदास उभी करण्यात आली. रानातला जपानी लावा साधारण ९० ते १०० ग्रॅम भरतो. मांसासाठी तयार केलेले वाण २०० ग्रॅमच्या पुढे जातात. रानातील मादी एका विणीत दहाबारा अंडी घालते. पाळीव मादी वर्षाला २५० ते ३०० घालते, आणि ती उबविण्याची प्रवृत्ती तिच्यात जवळजवळ उरलेली नाही. सहा आठवड्यांत पक्षी वयात येतो. या गुणांमुळे तो प्रयोगशाळांतही शिरला. मार्च १९९० मध्ये मीर या अंतराळस्थानकावर जपानी लाव्याची पिल्ले अंड्यांतून बाहेर पडली. वजनरहित अवस्थेत पायांना आधार न मिळाल्याने त्यांना खाण्यासाठी स्थिर होता येईना व ती जगली नाहीत. विष्किर या जुन्या संज्ञेचे मर्म या घटनेत अनपेक्षितपणे प्रकट झाले आहे.

भारतात हा पक्षी १९७४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातून उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथे आणला गेला. तेथे १९७९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याचे वाण वाढविले व तो देशभर पसरला. महाराष्ट्रात आज ज्याला बटेरपालन म्हणतात, ते याच विदेशी पाळीव पक्ष्याचे पालन होय. येथील रानच्या लाव्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले असून त्यांना धरणे वा विकणे हा गुन्हा आहे.

आता मूळ प्रश्न या पाळीव पक्ष्याला लावून पाहिला पाहिजे. युरोपातील वन्य लावा, पाळीव जपानी लावा व त्यांचा संकर यांच्या रात्रीच्या अस्वस्थतेची तुलना फ्रेंच संशोधकांनी केली व तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. पाळीव पक्ष्यांत स्थलांतराची प्रेरणा बरीच ओसरल्याचे व संकरित पक्षी दोहोंच्या दरम्यान असल्याचे त्यांना दिसून आले. म्हणजे ब्युफाँने ज्या रात्रींचे वर्णन केले आहे, त्या आजच्या व्यवसायातील पक्ष्याच्या वाट्याला सहसा येत नाहीत. परंतु दचकून सरळ वर उसळण्याची प्रवृत्ती मात्र गेलेली नाही. आधुनिक पिंजऱ्यांचे छत एक तर इतके बुटके ठेवतात की उसळीला वेगच येऊ नये, किंवा वरून मऊ ठेवतात. भयाची ही प्रतिक्रियाही निवडीने कमीजास्त करता येते. भित्र्या व निर्भय लाव्यांचे निरनिराळे वंश फ्रान्समध्ये तयार करण्यात आले असून त्यांसंबंधीचे संशोधन १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ही गोष्ट कमी करता येते. पण आतापर्यंतच्या पाळीव वंशांतून ती आपोआप नाहीशी झालेली नाही.

७

वरील साधनांवरून काही निष्कर्ष काढता येतात. लाव्याच्या बाबतीत ‘उड्डाण’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात, आणि बराचसा वाद या मिसळीमुळे माजतो.

पहिली गोष्ट विहाराची. घारीसारखे वा पाकोळीसारखे आकाशात रमणे लाव्याच्या स्वभावात नाही. चरकाचे वर्गीकरण व अॅरिस्टॉटलचे निरीक्षण या बाबतीत एकमुखी आहेत. उड्डाणाच्या या अर्थाने बंदिवान लाव्याचे काही हरपते असे म्हणण्यास आधार नाही.

दुसरी गोष्ट पलायनाची. भय वाटले म्हणजे वर उसळणे हे त्याचे शेवटचे व एकमेव शस्त्र आहे. अल्किबियादीसच्या झग्यातला, लखनौच्या मुठीतला, एदोच्या पिंजऱ्यातला आणि आजच्या खुराड्यातला लावा या एका गोष्टीत समान आहे. येथे पिंजऱ्याने जे हिरावले ते सुख नसून सुटका होय, आणि ते क्षणिक असले तरी खरे आहे.

तिसरी गोष्ट प्रवासाची. वन्य लाव्यात ही प्रेरणा इतकी प्रबळ आहे की अनुभव नसताही ती दर वर्षी पिंजऱ्यात जागी होते. पाळीव लाव्यात ती ओसरली आहे, पण ती पक्ष्याने आपण होऊन टाकलेली नाही. अनेक पिढ्या, जो पक्षी पिंजऱ्यात शांत राहिला व वाढला त्याचाच वंश पुढे चालविला गेला, याचा तो परिणाम आहे.

यावरून प्रारंभी उल्लेखिलेल्या युक्तिवादाचे मूल्यमापन करता येते. लावा मुळात उडणारा पक्षी नव्हे म्हणून पिंजऱ्याने त्याचे काही जात नाही, हे विधान इतिहासाच्या कसोटीवर अर्धेच उतरते. आजच्या पाळीव पक्ष्याच्या बाबतीत त्यात जेवढे तथ्य आहे, तेवढे माणसाने शतकभराच्या निवडीने त्यात आणलेले आहे. आणि जे आपण घडविले त्यालाच स्वभाव म्हणून दाखविणे हा तर्कदोष होय. शिवाय या युक्तिवादाच्या समर्थकांचे वर्तन त्यांच्या बोलण्याला कधीच दुजोरा देत नव्हते. कोणी पिसे भिजविली, कोणी मूठ आवळली, कोणी छताला जाळी बांधली, कोणी ते खाली आणले. ज्याला उडावयाचेच नाही त्याच्यासाठी इतकी तजवीज कोणी करीत नाही.

व्यवहारात यातून निघणारी गोष्ट लहान पण निश्चित आहे. पाळीव लाव्याला आकाश देणे कोणाच्या हाती नाही आणि त्याने ते मागितल्याचा पुरावाही नाही. परंतु उकरण्यास माती, लपण्यास आडोसा, भयाची कारणे कमी करणारी व्यवस्था आणि डोके न फोडणारे छत यांची मागणी तो आजही करीत आहे, आणि ती पूर्ण करणे पाळणाऱ्याच्या हाती आहे. रानच्या लाव्याविषयी तर संशयाला जागाच नाही. एप्रिल व सप्टेंबरच्या त्या रात्रींची नोंद झाल्याला अडीचशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि तिला खोडणारी दुसरी नोंद अद्याप पुढे आलेली नाही.